तीन पाण्यांसाठी एक रॉड

माझा भाचा खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो, राहायला गावातच, येणं-जाणं मोटारसायकलने. कळकाच्या काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, बांधून ओढ्यात गरी टाकत मोठा झालेला पोरगा. आता हातात चार पैसे आल्यावर त्याने रीळवाला रॉड घ्यायचं ठरवलं आणि माझ्याकडे आला. "एकच घेतो बघा मामा. दोन घेऊन ठेवू कुठं आणि नेऊ कसं?" रॉड एक, रीळ एक, दोरी-गळ धरून खर्च पाच हजारांच्या आत, आणि त्याच्या आवडीच्या सगळ्या तऱ्हा त्या एकाच रॉडवर जमायला हव्यात, अशी त्याची मागणी होती.

ही हकिगत सविस्तर लिहितोय, कारण निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडची पोरंही मला नेमकं हेच विचारतात. दुकानात बहुतेक वेळा 'ऑल-राउंडर घ्या' एवढंच उत्तर मिळतं. त्या एका शब्दावर रॉड घेता येत नाही. कमीत कमी किती वजन फेकायचंय, जास्तीत जास्त किती फेकायचंय, आणि कुठली एक तऱ्हा सोडून द्यायची तयारी आहे, या तीन गोष्टी ठरल्या की रॉड जवळजवळ आपोआप ठरतो. तिसरी गोष्ट ठरवायला माणसं तयार नसतात. भाचाही नव्हता.

पाणी आणि मासे

त्याची पाणी तीन. पहिलं गावाजवळचं: तळं आणि बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत साठलेलं पाणी. तिथं चिलापी भरपूर, शिवाय सोडलेले रोहू आणि कटला. दुसरं हिडकल. घटप्रभेवरच्या त्या धरणाचा फुगवटा मोठा, काठ उघडा आणि उताराचा, दुपारनंतर वारा समोरून. तिथं मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तळाला शिंगाळा. तिसरं मलप्रभा. कणकुंबीला उगम पावलेली ही नदी खानापूर ओलांडून पुढे गेली की पावसाळ्यानंतर तिचे डोह संथ होतात, कडेला लव्हाळं आणि पाणगवत माजतं. तिथला मासा म्हणजे मरळ.

माशांची तोंडं बघितली की पद्धत कळते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो आणि सायप्रिनस तळ उकरतात. म्हणजे कटला-रोहूला फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून आमिष अधांतरी टांगायचं, मृगळ-सायप्रिनसला शिसं लावून तळाशी बसवायचं. मरळ शिकारी; गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि हवेत श्वास घेत असल्याने अधूनमधून त्याला वर यावंच लागतं. त्याच्यासमोरून काहीतरी हलतं न्यावं लागतं, मग तो गरगरत्या पात्याचा चकाकता स्पिनर असो की रबरी बेडूक.

या तीन तऱ्हांना रॉडकडून तीन निरनिराळ्या गोष्टी हव्या असतात. फ्लोटला लांब आणि मऊ रॉड बरा. लांबीमुळे पाण्यावर पडलेली दोरी उचलता येते, आणि फ्लोट बुडाल्यावर मनगटाच्या एका झटक्यात बरीच ढिली दोरी ताणली जाते. तळाच्या मासेमारीला ताकद हवी, कारण शिसं जड असतं आणि लांब जावं लागतं. त्यातही शेंडा मात्र मऊ असावा, नाहीतर हलका टोच दिसत नाही. मरळीला आखूड, ताठ रॉड हवा. आमिष दिवसभर हाताने फेकायचं-ओढायचं असतं, आणि जाड तोंडात गळ रुतवून माशाला गवतात शिरण्याआधी बाहेर काढायचं असतं.

वजनांचा हिशेब

मी त्याला रॉड बघायच्या आधी सामान तोलायला लावलं. मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करणारा पोरगा, त्याने ते मन लावून केलं. फ्लोट, त्याखालची छोटी शिसं आणि आमिष मिळून ७-८ ग्रॅम. स्पिनर ८ ते १२ ग्रॅम. पोकळ रबरी बेडूक १४ ग्रॅमच्या आसपास. हिडकलसाठी ३० ग्रॅमचं शिसं, आणि त्यावर शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन आणि कणीक मळून केलेला गोळा १० ग्रॅमचा, एकूण ४०.

म्हणजे त्याला ८ ते ४० ग्रॅम फेकणारा रॉड हवा होता. रॉडवर मुठीच्या वर हा आकडा बहुधा छापलेला असतो, आणि आपल्याकडे तो वाचायची सवय नाही. लोक लांबी विचारतात, रंग बघतात, शेंडा धरून वाकवून बघतात. छापील मर्यादेच्या दोन्ही टोकांना रॉड नीट काम करत नाही, हेही लक्षात घ्यायचं. १०-४० ग्रॅमच्या रॉडचा खरा आराम १५ ते ३० मध्ये. ८ ग्रॅमचा फ्लोट त्यावर जाईल, पण जवळच पडेल. भाच्याचं तळं लहान असल्याने ते चालणार होतं. उलट ४० ग्रॅम फेकताना झटका देऊन चालणार नव्हतं. शिसं मागे दीड-दोन फूट लोंबतं ठेवून, सावकाश, गोलाईने फेकावं लागणार होतं.

समोर आलेले चार पर्याय

पहिला त्याच्या घरीच होता: दहा फुटी टेलिस्कोपिक, म्हणजे तुकडे एकमेकांत सरकणारा, काचतंतूचा, मित्राकडून आलेला. घडी करून पिशवीत मावतो, ही त्याची एकच मोठी सोय. या रॉडमध्ये कड्या फक्त प्रत्येक तुकड्याच्या टोकाला बसतात, त्यामुळे त्या कमी पडतात आणि दोरी रॉडला घासत जाते. वाळूचा एक कण सांध्यात गेला की तुकडे अडकतात. चांगल्या प्रतीचे टेलिस्कोपिकही असतात, पण स्वस्तातला घेतला की या अडचणी हमखास येतात.

दुसरा पर्याय भाच्याच्या मनात भरलेला होता. सात फुटी, मीडियम-हेवी, बेटकास्टिंगचा, म्हणजे रीळ वरच्या बाजूला बसणारा. मोबाईलवर मरळीचे व्हिडिओ बघून बघून त्याला तोच हवा होता. गवतातल्या मरळीसाठी तो उत्तमच. पण ८ ग्रॅमचा फ्लोट त्याच्यावर फेकायला गेलं तर फ्लोट पुढे जात नाही आणि रिळात गुंता होतो. शिवाय सात फुटांनी हिडकलच्या उघड्या काठावरून फेक तोकडीच पडते.

तिसरा बारा फुटी, ३ पौंड टेस्ट कर्व्हचा (म्हणजे काटकोनात वाकवायला तेवढं वजन लागणारा) कार्प रॉड. हिडकलसाठी छान. मलप्रभेच्या काठच्या करंजाच्या फांद्यांखाली उभं राहून तो फिरवता येत नाही, आणि स्पिनर घेऊन दिवसभर चालवला तर खांदा भरून येतो.

चौथा नऊ फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड, मीडियम ताकदीचा, १०-४० ग्रॅमचा. बघायला साधा. भाच्याने हातात घेतला आणि ठेवून दिला.

बाटलीची चाचणी

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घरी कुणालाही करता येतो. चारही रॉड आम्ही एका ठिकाणी जमवले. दोन ओळखीच्यांकडून मागून आणले. मूठ टेबलाला क्लॅम्पने आडवी आवळायची, मध्ये कापड घालायचं. शेंड्याच्या कडीला दोरी बांधून रिकामी प्लास्टिकची बाटली टांगायची आणि मापाने हळूहळू पाणी ओतायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शेंडा मुठीशी काटकोन करून सरळ खाली बघायला लागला की थांबायचं. बाटलीत तेव्हा जेवढं वजन असेल तो त्या रॉडचा टेस्ट कर्व्ह. झटका द्यायचा नाही, आणि काटकोनाच्या पुढे न्यायचं नाही.

टेलिस्कोपिकचे वरचे दोन तुकडे थोड्या पाण्यातच लोंबले आणि खालचा भाग ताठच राहिला. मधल्या सांध्यापाशी कोन पडला. असा रॉड मोठ्या माशाच्या ओढीत त्याच कोनात तुटतो. सात फुटी मरळवाला लिटरभर पाण्यालाही काटकोनात आला नाही. कार्प रॉडला दीड लिटराच्या जवळपास पाणी लागलं. नऊ फुटी शेंड्यापासून मधल्या भागापर्यंत एकसारखा वाकत गेला आणि ७०० मिलिलिटरच्या आसपास काटकोनात आला. सातशे ग्रॅम म्हणजे साधारण दीड पौंड.

इथं भाच्याने शंका काढली, आणि ती रास्त होती. "सातशे ग्रॅमला एवढा वाकतोय, पाच किलोचा मासा काय काढणार ह्यो?" टेस्ट कर्व्ह हे माशाचं वजन नव्हे. पाण्यात मासा तरंगता असतो. आपण त्याला उचलत नाही, दमवतो. इंग्लंडमध्ये १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ वीस किलोंचा कार्प धरला, तो त्या काळी तिथला विक्रम ठरला. बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून बनवलेला त्यांचा तो रॉड दीड पौंड टेस्ट कर्व्हचा होता. आमच्या बाटलीने दाखवला तोच आकडा.

त्या काळचा ठोकताळा असा: टेस्ट कर्व्ह जितके पौंड, तितके औंस वजन रॉड आरामात फेकतो, आणि दोरीची ताकद टेस्ट कर्व्हच्या साधारण पाचपट ठेवावी. दीड औंस म्हणजे ४२ ग्रॅम. भाच्याच्या जड शिशाशी हे जुळलं. दोरी येते साडेसात पौंडांची. आजच्या ताठ बुडाच्या कार्बन रॉडला हे गणित तंतोतंत लागू होत नाही, थोडी जाड दोरीही चालते, म्हणून आम्ही १० पौंडांची घेतली. पण दिशा याच हिशेबाने कळते.

लांबीबद्दलही थोडं सांगायला हवं. रॉड तरफ आहे, आणि या तरफेत फायदा माशाच्या बाजूने असतो. रॉड जितका लांब, तितकी माशाची तीच ओढ मनगटाला जास्त जाणवते. म्हणून 'लांब तो बरा' हे खरं नाही. नऊ फूट ही त्याच्या तीन पाण्यांना जमणारी लांबी होती. आठ फुटीही चालला असता, पण हिडकलला तोकडा पडला असता.

काय सोडायचं

आता उरलेला प्रश्न बेडकाचा. दाट गवतावर रबरी बेडूक चालवून मरळ काढायची, तर ५० पौंडांच्या आसपासची ब्रेडेड (विणलेली) दोरी आणि ताठ रॉड लागतो. मीडियम रॉड तिथं वाकत राहतो, गळ पुरता रुतत नाही, आणि तेवढ्या वेळात मरळ गवतात तोंड खुपसते. दोरी तुटली तर तोंडात गळ घेऊन ती तशीच राहते. हे मला मान्य नाही, आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. ज्या पाण्यातून मासा बाहेर काढायची सोय नाही त्या पाण्यात आमिष टाकू नये.

तो नाराज झाला. पण वजनांचा कागद समोर होता. बेडकासाठी रॉड घेतला तर फ्लोट आणि हिडकल दोन्ही जातात. नऊ फुटी घेतला तर फक्त दाट गवत जातं. गवताच्या कडेने, मोकळ्या पाण्यातून स्पिनर किंवा एक गळाचा रबरी मासा चालवून मरळ धरता येतेच. त्याने दाट गवत सोडलं आणि नऊ फुटी घेतला.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर खदखदताना दिसला की खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथं आमिष टाकलं की ती रागाने हमखास घेते. ती मरळ धरू नये. आई-बाप गेले की बाकीचे मासे त्या थव्याला खाऊन टाकतात.

जुळणी

विकत घेताना प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवून बघितला. आतल्या सिरॅमिकला चीर असेल तर कापसाचे तंतू अडकतात, आणि तीच चीर पुढे दोरी कापते. नुसत्या पातळ पत्र्याच्या कड्या असलेला रॉड ब्रेडेड दोरीसाठी घेऊच नये, त्यात चरे पडतात. सांधा बसवून शेंड्याच्या बाजूने बघितलं, कड्या एका रेषेत येतात का ते. मुठीवर रिळाची पकड हलत नाही ना, तेही बघितलं.

रीळ ३००० आकाराचं, साधं स्पिनिंगचं, पण सोबत दुसरं स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, मिळणारं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात शहाणपणाने खर्च झाले ते या जादा स्पुलाचे पैसे. एका स्पुलावर १० पौंडांचं तंगूस, फ्लोट आणि तळासाठी. ते ताणलं जातं, त्यामुळे माशाचा हिसका सोसतं. दुसऱ्यावर २० पौंडांची पातळ ब्रेडेड दोरी, स्पिनरसाठी. ती जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून लांबवरचा टोचही बोटाला कळतो. टोकाला तीन-चार फूट तंगूस जोडायचं. स्पूल बदललं की त्याच रॉडचा स्वभाव बदलतो.

ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, त्याने सामान तोलायच्या लटकत्या काट्याने लावला. दोरीच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे १० पौंडांच्या तंगुसाला सव्वा किलोच्या आसपास ओढ लागली की रीळ दोरी सोडेल असा.

खाणीच्या पाण्यात अडचण आली खोलीची. फ्लोट दोरीला पक्का बांधला तर आमिषाची खोली रॉडच्या लांबीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, कारण फ्लोट शेंड्याच्या कडीला अडकतो आणि फेकताच येत नाही. खाण काठालाच दोन पुरुष खोल. उपाय सरकत्या फ्लोटचा: दोरीवर जाड सुताची छोटी गाठ मारायची, तिच्याखाली एक मणी, मग मोकळा सरकणारा फ्लोट. गाठ कड्यांतून निघून रिळावर गुंडाळली जाते. पाण्यात शिसं दोरी खाली ओढतं आणि मणी गाठीला टेकला की फ्लोट उभा राहतो. बारा-चौदा फुटी फ्लोट रॉडची उणीव या एका गाठीने बरीचशी भरून निघते.

हिडकलला बाभळीची दुबेळकी काठावर रोवून रॉड टेकवायचा, शेंड्याला घुंगरू. रॉड टेकवला की ड्रॅग सैल सोडायचाच. सायप्रिनस आख्खा रॉड पाण्यात ओढून नेतो.

नऊ फुटी दोन तुकड्यांत साडेचार फुटांचा होतो. मोटारसायकलसाठी त्याने पीव्हीसी पाइप कापून, दोन्ही टोकांना झाकणं लावून, आतून फोम चिकटवून नळी बनवली आणि मागच्या कॅरियरला उभी आवळली. 'नेऊ कसं' हा त्याचा पहिला प्रश्न असा पन्नास-शंभर रुपयांत सुटला, आणि टेलिस्कोपिक घ्यायचं शेवटचं कारणही गेलं.

हंगामात काय झालं

तळ्यात आणि खाणीत रॉड अपेक्षेपेक्षा बरा चालला. चिलापी तर भरपूर, आणि रोहूचा तो पहिला जोरदार पळ या रॉडचा मधला भाग छान सोसतो. लहान चिलापीची मजा मात्र कमी होते. तिच्यासाठी रॉड थोडा जड आहे.

हिडकलला सकाळी उत्तम. दुपारी वारा समोरून सुटला की ४० ग्रॅम पुरेसं लांब जात नाही, आणि दोरीला पोट पडून घुंगरू उगाच वाजत राहतं. त्याने यावर शिसं वाढवलं नाही. वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरून बसायला लागला. मला ते आवडलं. शिंगाळा लागला तेव्हा काटे जपून काढायचे, कापड घेऊन. त्याचा काटा टोचला की हात दिवसभर ठणकतो.

मलप्रभेवर गवताच्या कडेने मरळी मिळाल्या. एक गवतात शिरली. २० पौंडांची दोरी असल्याने तुटली नाही, पण गळ सुटला. दाट गवत का सोडलं हे त्याला तिथं पटलं.

भाच्याने दोनदा विचारलेला प्रश्न भीमगडच्या ओढ्यांचा होता, तिथल्या खवल्यासाठी, म्हणजे महाशीरसाठी. भीमगड अभयारण्य आहे, तिथं गळ टाकायचाच नाही. बाहेर कुठं खवल्या लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्यायचा. तलाव-धरणांचे मासेमारीचे ठेके असतात, तेव्हा संस्थेला किंवा ठेकेदाराला विचारून बसायचं. आणि पहिल्या पावसात ओढ्यांनी वर येणारे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. त्या दिवसांत रॉड नळीतच राहू द्यावा.

कार्बन रॉडबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. कार्बन वीज वाहतो. आपल्याकडे शेतातल्या मोटारींना गेलेल्या तारा नदी-तळ्याच्या काठावरूनच असतात, आणि काही ठिकाणी लोंबून खाली आलेल्या. जोडलेला नऊ फुटी रॉड खांद्यावर उभा धरून त्यांच्याखालून जाऊ नये. तारांखाली तुकडे सुटे करून आडवे न्यायचे. वीज कडाडायला लागली की रॉड जमिनीवर ठेवून काठ सोडायचा.

आता त्याला कृष्णेचे वेध लागलेत, यडूर-मांजरीकडचे. तिथं हा रॉड चालणार नाही. कृष्णेच्या ओढीत ४० ग्रॅमचं शिसं जागेवर ठरत नाही, वाहून काठाला येतं; तिथं त्याच्या दुप्पट लागतं, आणि ते फेकायला कार्प रॉडच हवा. लांब रॉडचा तिथं आणखी एक उपयोग आहे. त्या पट्ट्यात मगरी आहेत, पाण्याच्या कडेला उभं राहता येत नाही. बारा फुटी रॉड असला की काठापासून मागे, उंचावर थांबून मासेमारी करता येते आणि लांब दांड्याच्या जाळीने मासा घेता येतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं की तोच बाराफुटी मागून नेऊन आधी बघायचं ठरलंय, विकत घ्यायचा विचार त्यानंतर.